दारातली आत्या

"खरीखुरी भुयारी रेल्वे बघायचीय? मग तिकीट काढू नका, माझा गेम बघा!" असं मी ऑफिसभर सांगत सुटलो होतो. नोकरी नवी, अजून कायम व्हायची होती. ती होणार की नाही, हे साहेब गेम बघून ठरवणार होते.

डबे, बोगदे, सिग्नल, सगळं माझ्या हातचं. गाडी फलाटावर असेल तर मागचा सिग्नल लाल. दारात कोणी उभं असेल तर दार मिटणार नाही, आणि दार मिटल्याशिवाय गाडी सुटणार नाही. वर मी छातीठोकपणे जाहीर केलेलं, "यात फसवाफसवी नाही! नियम मोडायचं बटणच ठेवलेलं नाही!"

प्रवाशांसाठी नमुना घेतला आमच्या आत्याचा. ती घरी आली तेव्हा दिवसभर तिच्यामागे कॅमेरा घेऊन फिरलो. तिचं चालणं, वळणं, हातवारे, सगळं टिपलं आणि कपडे बदलून शेकडो प्रवाशांना वाटून टाकलं. आत्या हरखली! पण एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. आत्या "निघते" म्हणाली, की दारात उभं राहून तिचं खरं बोलणं सुरू होतं!

साहेबांसमोर पहिली गाडी ऐटीत फलाटाला लागली. दारं उघडली. एक आत्या उतरता उतरता दारातच थांबली, मागे वळली आणि आतल्या आत्याशी बोलायला लागली.

"ही काय करतेय?" साहेबांनी विचारलं.

"निरोप घेतेय, सर."

"किती वेळ?"

दार मिटेना. मागचा सिग्नल लाल, त्याच्या मागचाही लाल. बघता बघता अख्खी लाइन ठप्प! बोगद्याबोगद्यात गाड्या खोळंबल्या.

"अरे, हलव तिला!"

"बटण नाहीये, सर."

"का नाही?"

"मीच ठेवलं नाही!"

साहेब घड्याळ बघायला लागले. शेवटी कोपऱ्यात जाऊन आत्यालाच फोन लावला.

"आत्या, तू दारातून नेमकी कधी हलतेस गं?"

"हे काय रे विचारणं?"

"माझी नोकरी चाललीय! सांग ना!"

"कोणी म्हटलं ना, 'आत येऊन नीट बस', की निघते बाई मी. आत बसलं की उशीर होतो!"

मी धडाधड कळा बडवल्या. 'आत येऊन बसा' अशी घोषणा झाली, की उतरून चालू पडायचं. घाईत 'फक्त दारातल्यांनी' एवढं लिहायचं राहून गेलं.

घोषणा झाली. दारातली आत्या उतरली. तिच्यामागून अख्खी गाडी उतरली! दारं मिटली, सिग्नल हिरवा झाला. पुढची गाडी आली, तीही रिकामी झाली. फलाटांवर आत्याच आत्या, आणि गाड्या मोकळ्याच धावतायत! गेली नोकरी, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"वा!" साहेब खुर्चीतून उठलेच. "आता एकही गाडी उशिरा नाही! नोकरी पक्की तुझी. फक्त एक कर. हे प्रवासी काढूनच टाक. उगाच मध्ये मध्ये येतात."

काढले. काय करणार! आत्याला सांगायची मात्र अजून हिंमत झालेली नाही. आपण गेममध्ये आहोत हे तिने झाडून सगळ्या नातेवाइकांना कळवलंय, आणि येत्या रविवारी त्या सगळ्यांना घेऊन ती स्वतःला बघायला आमच्याकडे येतेय.