अंगणातली नदी

भिकननं कुदळ उगारली, तोच निजामुद्दीन सर पायजमा सावरत खड्ड्यात उतरले आणि ओरडले, "थांब! मारू नको!"

साप निघाला असं वाटून भिकन एका उडीत वर आला.

साल बहात्तरचं, दुष्काळाचं. औरंगाबादच्या त्या गल्लीत टँकर आला तरच पाणी. ते साठवायला सरांनी अंगणात हौद खणायला घेतला होता. सर शाळेत भूगोल शिकवत. खड्ड्यात त्यांना गुळगुळीत गोटे, शिंपल्यांचे तुकडे आणि एका बाजूनं धार काढलेला दगड दिसला होता.

"भिकन, हे गोटे पाण्यानं घासलेत. इथं नदी होती! आणि हा दगड माणसानं घडवलाय. हजारो वर्षांपूर्वी लोक इथं बसून शिंपले फोडून खात होते."

"हितं? तुमच्या मोरीपाशी?"

"इथंच! आता काम बंद. जाणकार माणूस येऊन बघेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

सरांच्या बायको नजमुन्निसा स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अजी, आज आपल्या गौहरला बघायला मुलाचे वडील येताहेत. घरात चहापुरतं पाणी नाही, अन् तुमची नदी कसली?"

"होती म्हणतोय मी."

काम थांबल्यामुळे भिकन शेजारच्या सारजाबाईंच्या ओट्यावर जाऊन टेकला. सारजाबाईंनी कारण विचारलं.

"सरांच्या अंगणात नदी निघाली," भिकन म्हणाला. "हात लावू देईनात कुणाला."

'होती' एवढा एकच शब्द त्याच्याकडून राहिला.

सारजाबाईंनी दोन घागरी उचलल्या. त्यांना पाहून आणखी चौघी निघाल्या, आणि बघता बघता सरांच्या दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत रांग लागली. तेवढ्यात टँकर आला. टँकरवाल्या चांदपाशानं रांग पाहिली, चौकशी केली आणि म्हणाला, "यां तो नद्दी निकली बोलते!" त्यानं टँकर तसाच पुढच्या वस्तीकडे नेला.

नजमुन्निसांनी कपाळावर हात मारला. गौहरच्या हातात दोन कळश्या देऊन त्यांनी तिला मागच्या दारानं टँकरमागं पिटाळलं.

नेमके तेव्हाच चितेगावहून मुलाचे वडील नूरमोहम्मद, नवी शेरवानी घालून, दारात आले.

"ओ, कुठं घुसता?" सारजाबाईंनी अडवलं.

"अहो, मी रिश्त्यासाठी आलोय."

"कशासाठी बी या. नंबर मागंच लागल."

नूरमोहम्मद गोंधळून रांगेच्या शेवटी उभे राहिले. पुढच्या माणसाला विचारावं, तर तो म्हणे नदीची रांग. आजूबाजूला तर नुसता फुफाटा.

अखेर सर खड्ड्यातून वर आले. रांग पाहून त्यांना भरून आलं. जुन्या काळाबद्दल लोकांना एवढी आस्था! त्यांनी शिंपला उंच धरला. "ही बघा नदी!"

"पाणी कुठंय?" सारजाबाईंनी विचारलं.

"आटलं. हजारो वर्षं झाली."

"अन् मंग हितली माणसं?"

"काय करतील? पाणी होतं तिकडं गेली."

"आन आम्हाला उनात उभं केलं व्हय!" सारजाबाई कडाडल्या. "टँकर कुण्या अंगाला गेला रं?"

घागरी खणखणल्या, रांग वळली आणि धावत सुटली. त्या लोंढ्यात नूरमोहम्मदही सापडले.

दुपार टळली तरी पाहुणे येईनात. "गेला रिश्ता तुमच्या नदीत वाहून," नजमुन्निसा म्हणाल्या. सरांना हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचं सगळं उलगडत होतं. आजच्या माणसांचं नेमकं काय बिनसलं, ते काही कळेना.

उन्हं कलल्यावर दार वाजलं. गौहर डोक्यावर कळशी घेऊन आत आली. मागून खांद्यावर दुसरी कळशी घेतलेले, खांद्यापासून घोट्यापर्यंत भिजलेले एक गृहस्थ.

"अम्मी, हे चच्चा टँकरजवळ रिकामेच उभे होते, म्हणून एक कळशी यांना दिली," गौहर म्हणाली. "अर्धी वाटेत सांडली. दोनदा बजावलं, दोन्ही हातांनी धरा म्हणून."

सरांनी चष्मा सावरला. "आपण कोण?"

गृहस्थांनी कळशी जपून खाली ठेवली. "चितेगावचा नूरमोहम्मद," ते धापा टाकत म्हणाले. "मुलगी बघून झाली. पसंत आहे. आता चहा ठेवा, पाणी आणलंय."