बुवांना आणणारा रिसोर्स

कीर्तन ऐकावं कसं, हे आर्वीत माझ्याकडून शिकावं! तीस वर्षांत एकही चुकवलं नाही. बुवा संस्कृतात शिरले की मंडपात पहिली मान माझी डोलते. सगळं समजलंच पाहिजे, असं थोडंच आहे?

तर दोन हजार चारची रामनवमी. हिंगणघाटचे सदाशिवबुवा तीन वर्षांच्या विनवण्यांनंतर जन्माच्या कीर्तनाला 'येतो' म्हणाले. मदतीला माझा पुतण्या अंकित, पुण्याहून सुटीवर आलेला कॉम्प्युटर इंजिनिअर, आणि त्याचा नागपूरचा जोडीदार धीरज. ओसरीवर बैठक बसली, लॅपटॉप उघडला.

"काकाजी, आधी डिलिव्हरेबल्स फ्रीझ करू."

"करा!"

"बुवांचं ट्रान्सपोर्ट क्रिटिकल पाथवर हाय," धीरज म्हणाला. "त्याले डेडिकेटेड रिसोर्स लागते."

मी मान डोलावली. काय ते शब्द! उपनिषदच जसं!

"मग ओनरशिप तुमच्याकडं? साइन-ऑफ?"

मी डोळे मिटून डोलावली.

"अवो, समजून राह्यलं का काई?" आमच्या सुमित्राबाईंनी आतून विचारलं.

"तू पोहे आण!"

नवमीला साडेदहा वाजले. मंडप गच्च, पाळणा सजलेला, सुंठवडा तयार. बुवा नाहीत! मी अंकितवर धावलो.

"बुवा कुठं आहेत?"

त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "ट्रान्सपोर्ट ग्रीन आहे, काकाजी."

"हिरवं असो की पिवळं, माणूस कुठाय? बाराला राम जन्मणार! तो काय तुझ्या लॅपटॉपसाठी थांबेल?"

"एस्कलेट करू?"

"काय वाट्टेल ते कर, पण मराठीत कर!"

"रिसोर्स गेलाच नाई काय?" धीरज चाचरला.

"कोण हा रिसोर्स? नाव सांगा! कान धरून आणतो त्याला!"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"तुमीच ना, काकाजी," धीरज पुटपुटला. "बुवाले नवाच्या बसवरून आणाचं तुमच्याकडं होतं. तुमी तं डोळे मिटून हो म्हटलं!"

बायकांत पहिलं हसू सुमित्राबाईंचं!

लुना काढली नि बसस्टँड गाठलं. फलाटावर ही गर्दी! कंडक्टर तिकिटाच्या पेटीवर ठेका धरतोय, नागपूरची गाडी सुटायचं नाव घेत नाही, आणि मधोमध सदाशिवबुवा, हातात चिपळ्या!

"या, पुंडलिकराव! पूर्वरंग इथंच उरकला. जन्म तेवढा राहिलाय."

बुवांना मागं बसवून लुना अशी दामटली की बुवांनी वाटेतच रामनाम सुरू केलं. जन्माचं आख्यान रंगलं नि बाराच्या ठोक्याला पाळण्याची दोरी हलली. डोळ्यांत पाणी आलं. कानाला खडा लावला: यापुढं समजल्याशिवाय मान हलवायची नाही!

सुंठवडा वाटताना बुवा म्हणाले, "उपाधिनिरासानं चैतन्य निर्विकल्पच उरतं."

मी हात वर केला. "बुवा, म्हणजे काय?"

बुवांनी माझ्याकडं पाहिलं, पाळण्याकडं पाहिलं, घसा खाकरला. "पुंडलिकराव, तीस वर्षं डोलताय म्हणे. आजच काय झालं?"

आणि पुढच्या ओळीत अंकित नि धीरज, डोळे मिटून, माना डोलावत होते!