पालकाचा पंचनामा

छातीठोकपणे सांगतो, माझ्यापासून भाजी काहीही लपवू शकत नाही! बायको लपवते, मुलगी लपवते, पण भाजी? अशक्य! आमच्या प्रयोगशाळेत एक यंत्र आहे. भरल्या तरणतलावात चिमूटभर कीटकनाशक टाका, ते नावानिशी ओळखून काढेल. रेणूचं वजन दशांशचिन्हापुढे चार घरं मोजतं, म्हणजे बघा! आणि ते यंत्र मी चालवतो.

एवढा मोठा माणूस घरी आला की त्याला काय ऐकावं लागतं? "अहो, डॉक्टरांनी पालक दिलाय!"

डॉक्टर म्हणजे दातांचे. दवाखाना आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर. वय माझ्याइतकंच, केस माझ्या दुप्पट. गच्चीवर वाफे करून ते बिनफवारणीचा पालक पिकवतात आणि दारोदार वाटतात. तोही हसत हसत! आज पालक देतोय, उद्या घराचा पालक होऊन बसेल हा माणूस!

"किती कोवळा आहे!" बायकोने जुडी गालाला लावली. लग्नाला चौदा वर्षं झाली, माझं काही तिने असं गालाला लावल्याचं स्मरणात नाही.

"न फवारता पानाला एकही भोक नाही? मला शंका आहे."

"तुम्हाला डॉक्टरांची कायमच शंका असते."

"शास्त्रज्ञ आहे मी!"

"जळकुकडा आहेस," आतून आई म्हणाली. सख्खी आई!

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजमधला पालकाचा निळा डबा उचलला आणि थेट प्रयोगशाळा गाठली. घरचा नमुना नोंद न करता तपासायचा नाही, असा नियम आहे. पण आमच्या प्रयोगशाळाप्रमुख मॅडम मीटिंगमध्ये होत्या आणि मी पेटलेला होतो. पालक वाटला, रसायनात घुसळला, गरगर फिरवला आणि वरचा निवळ द्रव यंत्राला पाजला. पडद्यावर एकामागून एक शिखरं उभी राहिली. दोन कीटकनाशकं आणि वर एक बुरशीनाशक! पैकी दोन मर्यादेच्या बाहेर! बढतीचं पत्र मिळालं तेव्हासुद्धा मी असा उडालो नव्हतो.

अहवाल छापला आणि संध्याकाळी दवाखान्यात घुसलो. बाहेर पाच पेशंट, आत खुर्चीत एक आजोबा तोंड वासून.

"डॉक्टर, तुमच्या पालकात विष आहे!"

"आँ?" आजोबा म्हणाले. त्यांनाही जुडी मिळाली असावी.

डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला. मला वाटलं, आता भांडतील. उत्तरं तयार होती माझी! पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, माझी आई रोज खाते हा पालक," एवढंच म्हणाले, आजोबांच्या तोंडातला कापूस काढला आणि जिना चढू लागले. मी मागोमाग. गच्चीवर पोहोचताच त्यांनी वाफे उपटायला सुरुवात केली! एक, दोन, तीन! डोळ्यांत पाणी. खरं सांगू? मनात योजली होती तेवढी मजा येईना.

तेवढ्यात खाली ताटकळलेल्या पेशंटांचा आरडाओरडा ऐकून बायको वर आली.

"काय चाललंय हे?"

मी विजयी मुद्रेने अहवाल पुढे केला. "निळ्या डब्यातल्या पालकाचा निकाल!"

"निळ्या?" तिने कपाळावर हात मारला. "अहो, डॉक्टरांचा पालक रात्रीच्या भाजीत संपला! निळ्या डब्यात तुम्ही बाजारातून आणलेला होता!"

डॉक्टर मातीतच बसले. "म्हणजे माझ्या पालकात काही नाही?"

"ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही," मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की उरलेले केसही गळावेत.

"मग तपासा!"

उपटलेला पालक पोत्यात भरून दुसऱ्या दिवशी रीतसर नोंदवला. नोंदवायचा म्हणजे मॅडमना सगळं सांगणं आलं. त्यांनी पंधरा मिनिटं माझी बिनपाण्याने केली. मग पडद्याकडे बघितलं आणि खुर्ची पुढे ओढली. कीटकनाशकांच्या जागी सरळ रेघ! एक उंचवटा नाही.

"हा पालक कोणाचा?" मॅडमचा आवाज एकदम मऊ.

"दातांच्या डॉक्टरांचा."

"अहो, लोकांचा पालक तपासायचा तर ताडून बघायला निखळ शुद्ध पालक लागतो! सहा महिने शोधतोय आपण! बोलवा त्यांना!"

बोलावलं. नवे वाफे मी खणून दिले, ती शिक्षा घरातून झाली होती. आता डॉक्टर दर मंगळवारी ताजा पालक घेऊन येतात. मॅडम त्यांना स्वतःच्या हाताने चहा देतात, अख्खी प्रयोगशाळा रांगेने दात दाखवते. आणि पालकाच्या प्रत्येक अहवालावर सही माझी असली तरी तुलना डॉक्टरांशीच होते. इतके दिवस घरी व्हायची, आता ऑफिसातही होते, आणि तीसुद्धा चार दशांशांपर्यंत!