भुंकत्या फोनाची मोहीम

ग्रामदेवतेस स्मरून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, चैत्र वद्य पक्षी राजापुराकडील वाडीत जी मोहीम जाहली, तिची हकीकत येथे लिहिली असे. पराक्रम वाढवून सांगितला असेल तो थोडाच, आणि फजिती झाकली असेल तीही थोडीच.

राजेश्री स्वरूपराव, वय वर्षे सोळा, शाळेच्या बाकावर चाळीस मिनिटे बसवेना म्हणून दहावीतूनच कूच केलेले, रागास जलद. अ‍ॅप लिहिण्यात आपणास तमाम कोकणपट्टीत जोड नाही अशी त्यांची खात्री; ती आणखी कोणाची होती याचा दाखला दफ्तरी सापडत नाही. काका मुंबईस चाकरीला, सबब अकरा आंबाकलमांच्या मुखत्यार एकट्या काकू, दमयंतीबाईसाहेब. त्या कलमांवर वानरांची फौज चालून आली आणि मग रावांनी मसलत केली, की जुना फोन झाडास बांधावा, त्यात आपले 'राखण' नावाचे अ‍ॅप घालावे, आणि त्याने दर दहा मिनिटांनी कुत्र्यासारखे भुंकावे. काकूंनी करार केला: काढणीस आठ दिवस आहेत, तोवर अ‍ॅपने आंबा राखला तर सतरा नंबरच्या फॉर्मचे नाव घरात निघणार नाही, न राखला तर फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायचे. रावांनी हसून विडा उचलला.

पहिले दिवशी फोन दोनदा भुंकला आणि निजला.

कारण फोनांचे जे दूरदेशीचे बादशहा, त्यांचे फर्मान असे, की पडदा मालवला की मागे चालणाऱ्या अ‍ॅपाने झोपावे, बॅटरी खाऊ नये; जागायचे असेल त्याने लेखी कारण द्यावे, व्हिडिओ जोडावा आणि जबाबाची वाट पाहावी. बड्या सरदारांच्या अ‍ॅपांस मात्र मुभा, सबब पहाटे पाचला शुभ सकाळची फुले बिनहरकत येत, आणि एकट्या गड्याने लिहिलेला कुत्रा घोरे. वानरांनी एक कलम निम्मे लुटले. शेजारचे भागोजी तात्या, ज्यांनी हेच अ‍ॅप आपल्या बागेत लावले होते, त्यांनी एक तारा देऊन खाली लिहिले, 'कुत्रा आळशी आहे'. राव संतापले, रिकाम्या पेटीस लाथ मारली, आणि मोहिमेतली पहिली जखम अंगठ्यास जाहली.

मग रावांनी हुजुरांस अर्ज रवाना केला, आणि सेटिंगांत शिरून बॅटरीचे निर्बंध उठवले, तो आत अ‍ॅपांस निजवणारा, फोन बनवणाऱ्याचा निराळाच चौकीदार बसलेला. त्याचीही मनधरणी केली. तरी दुसरे दिवशी अ‍ॅप मेलेलेच. तपास करता फितुरी घरातच निघाली. काकू सांजच्या फोन चार्जिंगला आत आणीत, आणि अंगण झाडून झाले की फोनवरची उघडी अ‍ॅपेही बोटाने एकेक झाडून टाकीत.

"असा पसारा ठेवून निजायचा काय रे, मेल्या?" काकू म्हणाल्या.

मग पडदा दिवसभर पेटता ठेवण्याची तजवीज केली, तो उन्हाने फोन तापून आपणच बेशुद्ध पडला. तेव्हा तिसरे दिवसापासून राव जातीने कलमाच्या सावलीत ठाण मांडून बसले, आणि दर दहा मिनिटांनी पडद्यास बोट लावून अ‍ॅपास उठवू लागले. यास त्यांनी 'तात्पुरता उपाय' असे नाव दिले. तिथेच घावन्यांची रसद पोचवताना काकू म्हणाल्या, "तूच भुंकलास तर बॅटरी तरी वाचेल."

आठवे दिवशी, गडी आंबा उतरवण्यास यायला तासच उरला आणि बॅटरी संपली. त्याच क्षणी वानरांचा सेनापती, थोर शेपटीचा हुप्प्या, समोरच्या फांदीवर उतरला. राव उठले, चहूकडे पाहिले, कोणी नाही अशी खातरजमा केली, आणि भुंकले. इतिहासापासून काय लपवावे. बराच वेळ भुंकले. सेनापतीने त्यांच्याकडे असे पाहिले, की ते पाहणे रावांस अद्याप स्वप्नात येते, आणि मग तो फौज घेऊन माघारा गेला.

बागेच्या दगडी गडग्यापलीकडून भागोजी तात्यांनी विचारले, "स्वरूपा, नवीन अपडेट काय रे?" आणि एकाचे चार तारे केले.

आंबा पेट्यांत भरला. रावांनी करार पुढे केला, तो काकूंचा निवाडा जाहला, की बोली अ‍ॅपने राखण्याची होती आणि राखले ते तू. "आणि सहा दिवस एका जागी बसलास," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांनी बघितलं." यावर तोड काढण्याचा रावांचा शोध अद्याप चालू आहे.

पुढे श्रावणात हुजुरांचा जबाब आला, की राखण अ‍ॅपास पडद्यामागे जागण्याची परवानगी दिली असे. तेव्हा झाडांवर नुसती पाने होती.

येणेप्रमाणे साडेदहा कलमे सुखरूप, शत्रू परास्त, बादशहाचा कौल हाती, अशी फत्ते जाहली. फत्तेच्या कागदावर विजयी वीराने जबाब आला त्याच आठवड्यात आपले हाताने सही केली. कागद नंबर सतरा.