आत्याबाईंनी बसवलेली कादंबरी

धोंड्याच्या महिन्यात रोज पोथी ऐकायचा नेम द्वारकाबाईंनी धरला आणि वाचायला भाचीला बसवलं, तिथंच पहिली चूक झाली. भाची सत्वशीला नुकतीच बारावी पास झाली होती. तिचा वाचायचा वेग असा, की महिना निम्मा होतो न होतो तोच पोथी संपली.

"आता गं?" द्वारकाबाई म्हणाल्या. "मी तर महिनाभराचा संकल्प सोडलाय. आसन रिकामं ठेवता येत न्हाई."

"मंग दुसरं पुस्तक लावू ना, आत्या. माझ्याजवळ हाय एक, गुरू-शिष्याचं."

यात खोटं काही नव्हतं. फक्त ती पोथी नसून कादंबरी होती. 'मनोऱ्यातले सहा जण' असं तिचं नाव. टेंभुर्णीच्या वाचनालयातल्या रामकिसननं ती शीलाला "कॉलेजावर हाय, वाच" म्हणून दिली होती. शीलाचे तीनच अध्याय वाचून झाले होते, पण तेवढ्यातच तिच्या डोक्यात एक बेत शिजला होता.

तिला जालन्याच्या कॉलेजात जायचं होतं. राहायची सोय जुन्या जालन्यात मावशीकडे होती. वडिलांची, म्हणजे मच्छिंद्रची, ना नव्हती. पण त्याच्या हो-ला घरात किंमत नव्हती. मच्छिंद्रचं घराला लागूनच बी-बियाण्याचं दुकान होतं. शेतात काय पेरायचं हे तो अख्ख्या गावाला छातीठोकपणे सांगे, घरात मात्र भाजीत मीठ किती पडावं हेही थोरल्या बहिणीला विचारल्याशिवाय ठरत नसे. कॉलेजाचं विचारलं तेव्हा द्वारकाबाई "बघू" म्हणाल्या होत्या. त्या घरात आजवर कोणत्याही 'बघू'चं पुढं काही झालं नव्हतं, आणि प्रवेशाची शेवटची तारीख तर तोंडावर आली होती. कॉलेज ही काय थोर चीज आहे ते आत्याच्या कानावर रोज थोडं थोडं पडलं तर बरं, असा पोरीचा हिशेब.

हिशेब सुरुवातीला बरोबर निघाला. चौरंगावर लाल कापड अंथरून कादंबरी ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं, समोर समई लावली. शेजारच्या उषाबाई आणि पुष्पाबाई पदर सावरून बसल्या. शीला वाचू लागली. डोंगरावरचं दगडी कॉलेज, भोवती धुकं, एका कोपऱ्यात उंच मनोरा. मनोऱ्यात मेणबत्तीच्या उजेडात संस्कृत शिकवणारे आचार्य आणि त्यांनी शेकडो पोरांतून निवडलेले काळ्या कोटातले सहा विद्यार्थी. ते रात्र रात्र वाचत आणि जेवायचंही विसरत.

अध्याय संपला तेव्हा तिघींनी हात जोडले. खडीसाखर वाटली गेली.

"जेवायचं इसरतेत म्हंजे बघा," पुष्पाबाई म्हणाल्या. "आमचं येडं अभ्यासाला बसलं की अगुदर जेवायलाच मागतंय."

"तपश्चर्याच म्हणायची," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि शीला मनातल्या मनात जालन्याच्या एसटीत जाऊन बसली.

चौथ्या अध्यायात घात झाला. त्या सहांपैकी अनिरुद्ध नावाचा विद्यार्थी ग्रंथालयाच्या पायरीवर मरून पडला, आणि त्याला मारणारे दुसरेतिसरे कोणी नसून उरलेले पाच जण होते. शीलाला हे वाचता वाचताच कळलं. कॉलेजात मुडदे पडतात असं आत्याच्या कानी गेलं की एसटी कायमची चुकली. तिनं आवाज न बदलता दोन पानं एकदम उलटली आणि पुढचं धुकं वाचायला घेतलं.

पण पोथी ऐकून कान तयार झालेल्या बाया त्या. त्यांच्या हातून एक माणूस सुटेल तर शपथ.

"अनिरुद्ध कुठं गेला गं?" उषाबाईंनी विचारलं. "काल तर व्हता."

"मामाच्या गावाला गेलाय," शीला म्हणाली.

एवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंनी, मामाकडून पत्र आलं का, म्हणून विचारलं. तिसऱ्या दिवशी पुष्पाबाई म्हणाल्या, इतके दिवस पाहुणा राहणं बरं दिसत नाही. शीलानं मामाला आजारी पाडलं. मग मामाला कसला आजार, मामी कुठं आहे, हे आलं. इकडे कादंबरीतले पाच जण रात्री दचकून उठू लागले, आचार्यांचे हात थरथरू लागले, आणि शेवटी मनोऱ्याच्या दारात पोलीस येऊन उभे राहिले.

"मामा आजारी पडला म्हणून पोलीस?" द्वारकाबाईंनी चष्मा काढला. "शीले, खरं सांग. तू काय गाळून राह्यली?"

शीला रडकुंडीला येऊन म्हणाली, "अनिरुद्धाला मारलं, आत्या. त्याच्याच दोस्तांनी."

उषाबाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. इतके दिवस तो पोरगा मामाकडे सुखात आहे असं त्या धरून चालल्या होत्या.

"आसनावर बसून लपवालपवी केलीस," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. "वाचन खंडित झालं. आता पहिल्यापासून वाच. समाप्ती झाल्याबिगर घरातलं कोणी गाव सोडायचं न्हाई."

प्रवेशाची शेवटची तारीख धोंड्याच्या महिन्यातच पडत होती. शीला दुपारी वाचू लागली, संध्याकाळी वाचू लागली. घाई केली की "सावकाश" म्हणून आत्या थांबवत. त्यात मनोऱ्यात खून झालाय ही बातमी गल्लीत पसरली आणि ओसरीत बसायला जागा पुरेना. पुस्तक परत मागायला आलेला रामकिसन पानापानावरचं हळदकुंकू बघून आधी कपाळाला हात लावून बसला, आणि मग बसला तो बसूनच राहिला. ऐन पेरणीत मच्छिंद्रनं दुकानाची फळी निम्मी लावली आणि दारात टेकून ऐकू लागला. एक गिऱ्हाईक कपाशीचं बी मागायला आलं, त्याला तो म्हणाला, "थांब जरा. आता आचार्य बोलून राह्यलेत."

शीलाचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. प्रत्येक अध्यायाबरोबर आपलं कॉलेज एक एक कोस लांब जातंय असं तिला वाटत होतं. खुनाचं पान तिनं मान खाली घालून वाचलं. वर बघायची हिंमतच झाली नाही.

समाप्ती प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी झाली. कादंबरीतले खुनी सापडलेच नाहीत. आचार्य धुक्यात निघून गेले ते गेलेच. उरलेल्यांपैकी एक जण म्हातारपणी त्या रिकाम्या मनोऱ्यात परत येतो, मेणबत्ती लावतो आणि अर्ध्यावर राहिलेल्या पानापासून पुन्हा वाचू लागतो, इथं पुस्तक संपलं. खडीसाखरेची वाटी कोणाला आठवली नाही.

"मच्छिंद्र," द्वारकाबाई म्हणाल्या, "पोरीला उद्याच कालेजात घाल."

शीलानं झटकन वर बघितलं. मच्छिंद्रचाही विश्वास बसेना. "आक्का, धोंड्याचा महिना हाय. नवं काम…"

"इद्येला कसला आलाय धोंडा?" द्वारकाबाईंनी पुस्तकावर हात ठेवला. "दोस्त मेला, पोलीस आले, पण एकानं बी वाचायचं सोडलं न्हाई. असं काय असंल रे त्या पुस्तकात? चौथीत पाटी ठिवली मी. मला तेवढं सुदिक बघायला मिळालं न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिघंही पहिल्या गाडीनं जालन्याला गेली. द्वारकाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. कॉलेजच्या फाटकाशी त्या उभ्या राहिल्या आणि बघतच राहिल्या. समोर रंग उडालेली लांबलचक इमारत होती. सायकलींच्या छपराखाली एक म्हैस रवंथ करत होती. आत एक कारकून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता.

"मनोरा कुठशीक हाय?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"पाण्याची टाकी म्हणता का? ती तिकडं मागं."

"आन पुस्तकाची खोली?"

"बंद हाय. चावीवाला रजेवर गेल्ता, आला न्हाई अजून."

द्वारकाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी शेंगांच्या टरफलांकडे बघितलं, म्हशीकडे बघितलं. "इथं कोणी कोणाला मारील असं वाटत न्हाई," त्या खिन्नपणे म्हणाल्या.

"छे हो बाई," कारकून घाईघाईनं म्हणाला. "बिलकुल शांत कॉलेज हाय आपलं."

"तेच तर. चल, मच्छिंद्र. पोरीला इथं घालायचं न्हाई."

पिशवी उचलून आत्या निघाल्याच होत्या, तेवढ्यात कारकुनानं सवयीनं विचारलं, "विषय कोणता घेणार व्हती?"

शीला इतिहास घेणार होती. पण बुडत्याला काडीचा आधार. तिच्या तोंडून निघालं, "संस्कृत."

कारकुनाच्या हातातली शेंग हातातच राहिली. "संस्कृत? ते आजकाल कोणी घेत न्हाई. सर एकलेच बसतेत वर."

"वर?" द्वारकाबाई फाटकाकडून वळल्या.

इमारतीच्या मागं लोखंडी गोल जिना होता. तो गच्चीवरच्या एकुलत्या एका खोलीत जात होता. वीज गेली होती आणि खिडकीच्या फुटक्या काचेला पुठ्ठा लावलेला, म्हणून म्हाताऱ्या सरांनी भरदिवसा मेणबत्ती पेटवली होती. खुंटीला काळा कोट लटकत होता. सर पुस्तकात इतके बुडाले होते, की जेवणाचा डबा न उघडता तसाच बाजूला पडला होता. चाहूल लागल्यावर त्यांनी मान वर केली. "विद्यार्थिनी?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचे हात थरथरले.

द्वारकाबाईंनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि वाकून नमस्कार केला.

प्रवेश पाच मिनिटांत झाला. बसस्टँडवर शीलाला मावशीच्या ताब्यात देताना आत्यांनी तिला बाजूला घेतलं.

"सर सांगतील ते ऐकायचं. जेवणाचं इसरलीस तरी चालंल, वाचायचं सोडायचं न्हाई."

"हो, आत्या."

"आन उद्या तिथं कोणाला मारायबिरायचं ठरलं," आत्यांनी आवाज खाली आणला, "तर परस्पर करायचं न्हाई. पहिले घरी येऊन मला इचारायचं."

"बराबर हाय," मच्छिंद्र म्हणाला. भाजीतलं मीठसुद्धा जिथं आक्काला विचारून पडत होतं, तिथं दुसरी रीत त्याला माहीत नव्हती.