सॅक्सोफोनला हळदकुंकू

विचुंबे गावच्या प्रणितने घरात बजावून सांगितलं होतं, की रेकॉर्डिंग होईपर्यंत सॅक्सोफोनला कुणी हात लावायचा नाही. भिंतीपलीकडे राहणाऱ्या भीमाआत्याने ते ऐकलं, मान डोलावली आणि तो आंघोळीला गेल्याबरोबर येऊन पेटी उघडली.

आता तिचं चुकलं म्हणावं, तर गावात साधा डंपर आला तरी त्याच्यापुढे नारळ फुटतो. मग भाच्याचं वाद्य पहिल्यांदा रेकॉर्डिंगला निघालंय, ते काय कोरडंच जाणार? तिने चावीचावीला हळदकुंकू लावलं, भोंग्यात अक्षता टाकल्या, वरून नारळाचं पाणी शिंपडलं. शेजारी नोटेशनची चोपडी होती. विद्येला उपाशी कसं ठेवायचं, म्हणून तिच्या मधल्या पानांत थोडा पेढा ठेवला. मग सगळं होतं तसं बंद करून ती साडी बदलायला गेली.

तसे गावात सॅक्सोफोन वाजवणारे पुष्कळ. हळदीला आणि वरातीला त्यांच्याशिवाय पान हलत नाही. पण प्रणित त्यांतला नव्हे हो! तो सात वर्षं पाश्चात्त्य शास्त्रीय शिकला होता आणि समकालीन संगीत वाजवत होता. समकालीन म्हणजे काय, असं कुणी विचारलं की तो हात हवेत फिरवून म्हणे, "तुम्हाला नाही कळणार." त्याला स्वतःला सगळं कळत होतं, असंही नाही.

जर्मनीतल्या हान्ससाहेबांनी आपली नवी रचना त्याला पहिल्या रेकॉर्डिंगसाठी दिली होती, पण एका अटीवर. साहेब व्हिडिओ कॉलवर स्वतः ऐकणार. पसंत पडलं तर प्रणितचा पहिला अल्बम, नाही तर रचना दुसऱ्या कुणाला तरी जाणार. खारघरचा स्टुडिओ दहा ते एक एवढाच मिळाला होता.

स्कूटर सुरू केली तर आत्या पेटी मांडीवर घेऊन मागे बसलेली.

"तू कुठे?"

"पयल्यांदा जातोस, एकटा जाशील काय? चल, उशीर होतंय."

स्टुडिओत रेकॉर्डिंग करणारी अनुष्का काचेपलीकडे बसली. पडद्यावर हान्ससाहेब अवतरले. प्रणितने गंभीर चेहऱ्याने वाद्य उचललं आणि त्याच्या भोंग्यातून अक्षता घरंगळत जमिनीवर पडल्या.

"हे नोटेशनमध्ये आहे का रे?" अनुष्काने विचारलं. "माइकवर मस्त आलंय."

प्रणितने फुंकर मारली. एक चावी दाबली ती वर येईना. दुसरी आली, पण 'चट्ट' असा आवाज करून. त्याने खाली वाकून बघितलं आणि त्याचे डोळेच पांढरे झाले.

"आत्या! तू हात लावलास याला?"

"हात नाय लावला. बोट लावलं."

त्याने रुमाल ओला करून घासायला घेतलं, तसं कुंकू विरघळून सगळीकडे पसरलं. फुंकून बघितलं तर ओठ लालभडक.

साहेब पुढे झुकले. "तुला रक्त येतंय का?"

"नाही सर, कुंकू आहे."

"म्हणजे काय?"

जगाला समकालीन संगीत समजावणाऱ्या प्रणितला कुंकू काही समजावता येईना. शेवटी अनुष्काने कागदाच्या पट्ट्या कापून दिल्या आणि दोघांनी मिळून एकेक चावी टिपून काढली. आत्या कोपऱ्यात बसून "सावकाश, सावकाश" म्हणत होती. घड्याळात सव्वाबारा वाजले.

मग मात्र प्रणितने वाजवायला सुरुवात केली. रचनेत सूर बेताचेच. फुसफुस, खटखट, मध्येच किंकाळी. अडकणारी चावी सुटली एवढ्याच आनंदात त्याने पान उलटलं आणि वाजवत सुटला. रचनेत लिहिलेली शेवटची शांतता संपवून त्याने चोपडी मागे चाळली. चौथं आणि पाचवं पान पेढ्याने एकमेकांना घट्ट चिकटली होती. तिसऱ्यावरून तो थेट सहाव्यावर गेला होता.

पडद्यावर साहेबांचे डोळे मिटलेले. "अप्रतिम," ते म्हणाले. "एक स्वर कमी नाही, एक जास्त नाही."

आता काय बोलावं माणसाने? ज्याने लिहिलं त्यालाच कळलं नाही, तर बाकीच्यांना काय कपाळ कळणार! प्रणितला लाज वाटली, पण थोडीच. त्याने मान लववून "थँक यू सर" म्हटलं.

"ए, मधलं खाल्लंस तू," आत्या म्हणाली.

"काय मधलं?"

"म्हशीला उचकी लागते ना, ते. मंग दरवाजा करकरतो तीनदा. मंग गप्प. मंग पुन्ना उचकी."

"तुला काय माहीत गं?"

"सा महिनं भिंतीपल्याड कोन रातं? मीच ना?"

आणि तिने मांडीवर ताल धरून दोन्ही पानं तोंडाने म्हणून दाखवली, उचक्यांसकट. अनुष्का हसायची विसरून बघत राहिली. साहेबांनी डोळे उघडले, आपली पानं चाळली आणि त्यांचे कान हळूहळू लाल झाले.

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "चौथं आणि पाचवं. करकर मात्र दोनदाच..." ते थांबले, चष्मा लावून पुन्हा बघितलं. "नाही. तीनदाच आहे."



"विचार त्यांना," साहेब म्हणाले, "माझी रचना इतकी आवडली का?"

प्रणितने विचारलं.

"आवडाया काय हाय त्यात?" आत्या म्हणाली. "पन त्या मानसानं मेहनतीनं लिवलंय ना? मंग हाय तेवढं पुरतं वाजव."

साहेब उत्तराची वाट बघत होते. एक वाजायला वीस मिनिटं होती आणि रचना बारा मिनिटांची. प्रणितला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. त्याने नखाने पेढा खरवडून दोन्ही पानं सुटी केली आणि वाद्य उचललं.

"सर, ती म्हणतेय, पुन्हा घेऊ या."