म्होरकी घातलेले तात्या

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात तुम्ही पहिल्यांदाच आलात आणि एक साठी उलटलेला गृहस्थ तोंडाला म्होरकी अडकवून उभा दिसला, तर घाबरू नका. ते आमचे भानुतात्या. जनावराच्या तोंडाला बांधायची ही सुती म्होरकी तात्या स्वतः वळतात आणि विकण्याआधी स्वतः घालून बघतात. एवढ्यावर भागत नाही. कासरा गिऱ्हाइकाच्या हातात देऊन म्हणतात, "वढा. लाजू नगा, वढा!"

माझं जनावरांच्या औषधांचं दुकान त्यांना लागूनच आहे, म्हणून ते मला डॉक्टर म्हणतात. दर शुक्रवारी हा सोहळा मी फुकटात बघतो. एकदा एका व्यापाऱ्याने बोलता बोलता त्यांना पार चहाच्या गाड्यापर्यंत ओढत नेलं. तिथे कुणीतरी विचारलंच, "दाताला कसं हाय हो?"

तात्या म्होरकीतूनच म्हणाले, "दात गेले, पर सोभावानं लई गरीब हाय."

त्यांचं पालुपद एकच. "तेच, पर जरा बरं." माल तोच, सुतीच, पण दर बाजाराला त्यात काहीतरी सुधारलेलं असतं. कधी गाठ कानामागे सरकते, कधी नाकावरची पट्टी दुहेरी होते. मागच्या शुक्रवारी जी म्होरकी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली, तिलाच पुढच्या शुक्रवारी "ती व्हय? ती कच्ची हुती," म्हणून नावं ठेवतात. गिऱ्हाईक तडकतं. मग तात्या जुनी घेऊन नवी देतात, वर चहा पाजतात. असा माणूस धंद्यात टिकतो कसा, हे मला अजून उमगलेलं नाही.

मध्यंतरी रोगाच्या साथीमुळे बाजार बंद पडला. मैदानात चिटपाखरू नव्हतं. तात्या मात्र शुक्रवारी हजर, सतरंजी अंथरून, म्होरकी घालून!

"तात्या, बाजार बंद आहे."

"बाजार बंद हाय. माजं काम न्हाई. घ्या, वढा."

ओढलं. काय करता? तात्यांनी मान हलवली, गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

बाजार परत भरला, तेव्हा समोरच्या दुकानात नायलॉनच्या रंगीत, स्वस्त म्होरक्यांचे ढीग आले. तात्यांचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. मी कळकळीने सांगितलं, "आता तुम्हीही तेच ठेवा. नाहीतर दुकान बसेल."

"नायलॉन टोचतं."

"बैलाने कधी तक्रार केलीय का?"

"त्यो कुठं बोलतोय? ही बोलायची."

ही म्हणजे सुमनकाकू. पूर्वी त्या सतरंजीवर तात्यांच्या शेजारी बसायच्या. तयार म्होरकी गालावर फिरवायच्या आणि "टोचतीया" म्हणून त्यांच्या अंगावर भिरकावायच्या. तात्या चरफडत पुन्हा वळायला घ्यायचे. काकू गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

"माजा गाल पडला निबर, डॉक्टर. म्हनून घालून, वढून बघतो. तरी कळत न्हाई. बास झालं म्हनून सांगनारं कुनी ऱ्हायलं न्हाई."

इतकी वर्षं मी ज्याला हसत होतो ते हे होतं. मला फार वाईट वाटलं. नायलॉनचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

परवाच्या शुक्रवारी एक आजीबाई म्हैस घेऊन तात्यांकडे आल्या. तात्यांनी सवयीने कासरा पुढे केला. आजींनी तो बाजूला सारला, ढिगातली एक म्होरकी उचलली आणि सरळ स्वतःच्या गालावरून फिरवली. तात्या आपल्या तोंडावरची काढायचीही विसरले.

"मऊ हाय की रं."

"टोचत न्हाई?"

"न्हाई बा."

"पुन्यांदा बघा बरं."

आजींनी पुन्हा गाल घासला, मान डोलावली आणि तीच म्होरकी विकत घेऊन त्या म्हशीसकट निघून गेल्या. तात्यांनी टोपी काढली, डोळ्यांवर दाबली, बराच वेळ तशीच धरली.

"तात्या," मी म्हटलं, "जिंकलात की! आता बास."

तात्यांनी नाक ओढलं. सतरंजीवर शेजारची जागा मोकळी सोडून बसले आणि नवं सूत पायाच्या अंगठ्यात अडकवलं.

"बास कसं? म्हातारी दिवसभर उन्हात राबनारी. आमच्या हिचं कातडं लई नाजूक हुतं, डॉक्टर."